पाठीवरचा डबा इतक्यात सोडू नका, भो

पंधरा दिवसांत एकच मेसेज तीन ठिकाणांहून आला. एकदा भुसावळहून, एकदा धुळ्याहून आणि एकदा पुण्यात नोकरीला असलेल्या मावसभावाकडून. आशय असा: ‘गुहेतलं डायव्हिंग शिकायचं तर केव्हर्न (दाराचा उजेड दिसतो तिथवर), इंट्रो (त्याच्या थोडं आत), फुल केव्ह (पूर्ण गुहा) सगळं एका दमात, आठ दिवसांत उरका. इंट्रोवाल्याला वेगळी मर्यादा घालतात ती नुसती फी काढायला. सलग केलं की हात बसतो. अपघात होतात ते न शिकलेल्यांचे. मेक्सिकोचं तिकीट दोनदा कोण काढणार? आणि आपण खान्देशी माणसं, विहिरीत ढकलून पोहायला शिकलेली. आपल्याला पायऱ्या कशाला? थांबतो तो घाबरट.’ खाली अंगठा.

विहिरीपासूनच सुरू करतो, कारण लोकांना तीच ओळ सगळ्यात जास्त आवडलेली दिसते.

मलाही आबांनी विहिरीत ढकललं होतं. पण तेव्हा पाठीवर तोंड झाळून बंद केलेला तेलाचा डबा होता, कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बांधलेला तो डबा मृग लागायच्या जरा आधी सुटला. मधल्या दिवसांत दोर आधी ताणलेला, मग सैल, मग नुसताच कमरेला. मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात ढकलणं तेवढं राहिलं, डबा राहिला नाही. शिवाय विहिरीत हातपाय झाडले तरी डोकं वर येतं आणि वर आभाळ असतं. गुहेत वर दगड. आलात त्याच वाटेनं परत जायचं, आणि एक लाथ चुकून तळाच्या गाळाला लागली तर हातातल्या दिव्याचा उजेडही दिसेनासा होतो. म्हणून तर तिथं बाहेरपर्यंत न तुटलेला दोरा लागतो, आणि माणशी तीन दिवे.

आता मर्यादेचं. इंट्रोच्या पातळीवर जोडटाक्यांतली एकषष्ठांश हवाच आत जायला वापरायची, फुल केव्हला एकतृतीयांश. हा कंजूषपणा वाटतो. मलाही वाटला होता. हिशेब मांडून बघा.

बारा-बारा लिटरच्या दोन टाक्या, २०० बार दाब, म्हणजे ४८०० लिटर हवा. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर. एकतृतीयांशाच्या नियमानं १६०० लिटर वापरून तुम्ही साधारण २७ मिनिटं आत गेलात. नेमकी तिथंच जोडीदाराची सगळी हवा गेली. तुमच्याकडे उरली ३२०० लिटर आणि खाणारी तोंडं दोन. दोघंही शांत राहिले तर ती सुमारे २७ मिनिटं पुरते, म्हणजे अगदी दारापर्यंत. एक मिनिटही शिल्लक नाही. पण हवा संपलेला माणूस शांत श्वास घेतो का? दोघांचा श्वास दुप्पट झाला की मिनिटाला २४० लिटर जातात आणि तीच हवा १३ मिनिटांत संपते. अर्धी वाट बाकी.

तेच एकषष्ठांशाला. ८०० लिटरमध्ये तुम्ही १३ मिनिटं आत गेलात आणि ४००० लिटर उरली. श्वास दुप्पट झाला तरी ती १६ मिनिटं पुरते. म्हणजे घाबरलेली नवखी जोडीसुद्धा बाहेर येते. ज्याचा श्वास संकटात दुप्पट होतो, त्याच्यासाठी बांधलेला हा डबा आहे. तो सोडायचा केव्हा, हे रजेच्या अर्जावरून ठरत नाही.

‘सलग केलं की हात बसतो’ हे अर्धं खरं आहे. वर्षभर काहीच न करता पुढच्या पातळीला जाणारा माणूस सलग करणाऱ्यापेक्षाही वाईट, हे मी मान्य करतो. पण कोर्समध्ये बसलेला हात किती टिकतो, ते मी स्वतः बघितलंय. केव्हर्न आणि इंट्रो करून परतलो, पाच आठवड्यांनी रावेरजवळ चुलतभावाच्या केळीच्या बागेत झाडांना दोरा बांधला, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि दोरा हरवल्यावर शोधायचा सराव सुरू केला. (कोर्समध्येही हा सराव आधी जमिनीवर झाडांमध्येच घेतात.) थोड्या वेळानं दोरा सापडला, मी मोठ्या विश्वासानं धरून चालू लागलो आणि लोंगराच्या भारानं वाकलेल्या केळीला जाऊन धडकलो. हातात होती ती आधाराला बांधलेली सुतळी. भाऊ बांधावर बसून पोट धरून हसत होता. परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झालो होतो, बरं का.

अपघात फक्त न शिकलेल्यांचे होतात? शेक एक्सली या अमेरिकन डायव्हरनं १९७० च्या दशकात गुहेतल्या मृत्यूंची कारणं तपासली. दोरा नाही, परतीला हवा राखलेली नाही, फार खोल गेले, ही मुख्य निघाली. शिक्षणाचा अभाव आणि दिवे नंतर यादीत आले. यातल्या पहिल्या तीन चुका कोर्सचं कार्ड खिशात असलेला माणूसही करू शकतो. खुद्द एक्सली, ज्याच्या नावावर हजारो गुहा-बुड्या होत्या, १९९४ मध्ये मेक्सिकोत साकातोनच्या अतिखोल विवरात बुडी मारताना मेला.

आणि थायलंडची गुहा आठवा, २०१८ ची, जिथं पाणी उपसायला आपल्या किर्लोस्करांचे पंपवाले तज्ज्ञही गेले होते. अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक सापडले ते रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलॅन्थन या दोन ब्रिटिशांना. एक निवृत्त अग्निशामक, दुसरा संगणकवाला. गुहेत बुडणं हा दोघांचा छंद, पण कित्येक वर्षांचा. थायलंडच्या नौदलाचे कसलेले पाणबुडे तिथं होतेच. उघड्या समुद्रातलं कसब गुहेत जसंच्या तसं चालत नाही.

पैशाचं म्हणाल तर ते खरं दुखणं आहे. आपल्याकडचा बसाल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मेक्सिकोतल्या युकातानसारख्या पाण्यानं भरलेल्या गुहांची जाळी खान्देशात नाहीत. सरावाला जवळ काही नाही. पण म्हणूनच पहिल्या खेपेत इंट्रोपर्यंत थांबा, आणि उरलेले दिवस पुढच्या कोर्सला न देता त्याच पातळीच्या बुड्या मारा. तिकीट तेवढंच लागतं. आठव्या दिवशी, सगळे पैसे भरून झाल्यावर, ‘मला अजून जमत नाही’ असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

राहिला ‘थांबतो तो घाबरट’. गुहेत पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: कुणीही, केव्हाही, कारण न सांगता बुडी थांबवू शकतो आणि बाकीच्यांनी वाद न घालता मागे फिरायचं. त्याची खूण म्हणजे वर केलेला अंगठा. मेसेजच्या खाली आहे ना, तोच.