डेटा-धोरणाचं गाऱ्हाणं

तुमचं नाव समितीत आलं, अभिनंदन. किनाऱ्यावरच्या आपल्या विद्यापीठाला आता संशोधनाच्या डेटाचं भांडार हवंय आणि भांडाराच्या आधी धोरण हवंय. घाबरू नका. अशा दोन समित्यांचा चहा आणि इतिवृत्त मी सांभाळलेलं आहे, तेव्हा चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

पहिल्या तीन बैठका नावावर काढा. 'डेटा' म्हणायचं, 'विदा' म्हणायचं की 'आधारसामग्री'? 'विदा' ऐकून कोणीतरी विचारणारच, "विदा करणे म्हणजे निरोप देणे ना?" त्यावर लगेच उपसमिती नेमा. (मला विचाराल तर, आमच्याकडे डेटाचं जे होतं ते पाहता शब्द चपखल आहे.)

उद्दिष्टांचा परिच्छेद गाऱ्हाण्याच्या चालीवर लिहावा. खुलं विज्ञान वाढीला लागू दे म्हाराजा, पारदर्शकता येऊ दे म्हाराजा, आणि बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" २०१६ साली मांडलेली 'फेअर' तत्त्वं त्यात हवीतच: डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. गाऱ्हाण्याची सोय अशी की मागणं सगळं देवाकडे असतं, काम कोणाच्याच अंगावर पडत नाही. आलेली फाईल उघडून तपासणार कोण आणि सर्व्हरचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, असं विचारणारा एखादा निघतो. त्याच्या हातावर प्रसाद ठेवा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

मालकीच्या कलमाला परदेशी नमुने कशाला? आपला सातबारा आहे की. चार गुंठ्यांत अठ्ठावीस नावं, त्यातली वीस मुंबईत, दोन स्वर्गात. जमीन एकाची आणि तिच्यातला फणस दुसऱ्याचा. इथेही तेच. आकडे गोळा केले पीएच.डी. करणाऱ्या मुलाने, प्रकल्पावर नाव गाईडचं, पैसे दिल्लीचे, होडी गावातल्या तांडेलाची. सोपा मार्ग असा आहे की डेटा जमा करतानाच वापराचा परवाना ठरवून टाकायचा. 'आमचं नाव द्या आणि खुशाल वापरा' असं सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने तयार मिळतात, एका ओळीत काम होतं. एका ओळीत होणारं काम समितीला शोभत नाही. तुम्ही 'सर्व हिस्सेदारांच्या लेखी पूर्वसंमतीने' एवढे शब्द घाला. मग पन्नास वर्षं कोणी त्या फणसाला हात लावणार नाही. पिकून खाली पडेल, गुरं खातील, पण हिस्सा शाबूत.

गुप्ततेचं कलम त्याहून सोपं. कासवांच्या घरट्यांचे अक्षांश-रेखांश, सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा, रुग्णांची नावं, हे झाकायचं असतं. घरट्यात अंडी किती निघाली, पिल्लं किती समुद्रात गेली, हे उघडं ठेवायचं असतं. दोन्ही एकाच तक्त्यात असलं तर एक रकाना गाळला की झालं. पण गाळायला तक्ता उघडावा लागतो! त्यापेक्षा सगळंच 'संवेदनशील' ठरवा. तालुक्याचं पर्जन्यमानसुद्धा. तो पाऊस अख्ख्या तालुक्याने अंगावर घेतला असेना का.

बैठकीत अलिबागच्या वेधशाळेचं नाव मात्र चुकूनही काढू नका. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१पासून मुंबईत कुलाब्याला चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी नोंदी बिघडणार हे दिसल्यावर १९०४ साली ती अलिबागला आणली. नुसती आणली नाही, जुन्या आणि नव्या जागेचे आकडे जुळावेत म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे मोजत बसले. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौर वादळाचा धक्का कुलाब्याच्या नोंदींत उतरलेला आहे, आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३मध्ये, शास्त्रज्ञांनी तेच आकडे काढून त्या वादळाची ताकद मोजली. का जमलं? कुठल्या उपकरणाने, किती वाजता, काय मोजलं, हे कोणीतरी तिथेच लिहून ठेवलं होतं म्हणून. धोरण नव्हतं, पोर्टल नव्हतं, उद्घाटनाची फीतसुद्धा नव्हती. असली उदाहरणं ऐकली की सदस्यांचा धीर सुटतो.

त्यांना उलट बाजूचा आकडा द्या. २०१४ साली ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निबंध जितका जुना, तितका डेटा हाताशी असण्याची शक्यता कमी. संख्याशास्त्राच्या हिशेबात वर्षाला १७ टक्क्यांनी घट. म्हणजे समितीने काही न करताही काम दरसाल पुढे सरकतंच आहे.

जतनाचा नियम जगभर एकच सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. २०२०चं निसर्ग वादळ आणि २०२१च्या जुलैतलं चिपळूणचं पाणी ज्याने पाहिलंय, त्याला तिसरी प्रत घाटावर का हवी हे समजावावं लागू नये. तरी तुम्ही 'सुरक्षित ठिकाणी' एवढंच लिहा. सुरक्षित ठिकाण ठरलेलं आहे: लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा. मी तो एका ऑगस्टमध्ये उघडला होता. हार्ड डिस्क दुधाच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबर वितळून प्लास्टिकला चिकटलेलं, शेजारी दोन डांबरगोळ्या. केबल घुसवायच्या तोंडाला हिरवट बुरशी. वरच्या कागदी पट्टीवर 'अत्यंत महत्त्वाचे' लिहिलेलं असावं. शाई ओलीने पसरून 'अत्यंत' तेवढं वाचता येत होतं.

भांडाराचं संकेतस्थळ गावच्या बंद घरासारखं ठेवावं. मूल्यांकनवाले येण्याआधी आठ दिवस उघडायचं, जळमटं काढायची, दहा-बारा फायली मांडायच्या, फोटो घ्यायचे. पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा कुलूप, आणि चावी शेजाऱ्याकडे.

राहिली ती तक्त्यासोबतची माहितीची फाईल. तिला 'रीडमी' म्हणतात, म्हणजे 'मला वाचा'. रकान्यांचे अर्थ, एककं, काय कसं मोजलं, एवढंच तिच्यात असतं. सक्ती करू नका. आमच्याकडे खाडीतल्या माशांच्या पिल्लांची पाच वर्षांची मोजणी होती, दर पंधरवड्याची. परराज्यातल्या एका बाईंनी ती मागितली, कशी कोण जाणे मिळवली आणि पत्र पाठवलं: जुलै-ऑगस्टचे बरेच चौकोन रिकामे आहेत, तिथे शून्य समजायचं का? पत्र समितीपुढे आलं. गाईड निवृत्त झालेले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, रिकाम्या जागा बऱ्या दिसत नाहीत, शून्य भरा. सर्वानुमते भरले.

मला राहवलं नाही. संध्याकाळी ती मोजणी करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो आता ठाण्याला बँकेत असतो.

"शून्य कुठलं हो सर! उधाण होतं. तांडेल होडीच काढेना, मग मोजणार काय? एकेक तारीख लिहिलीय मी, वहीच्या मागच्या पानावर. निळी वही. आहे ना अजून तिकडे?"

म्हटलं, बघून सांगतो. बघायची गरज नव्हती. गेल्या मार्चच्या निर्लेखन यादीत, म्हणजे मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत, 'जुन्या वह्या, भिजलेल्या, नग १४' अशी नोंद आहे, आणि अक्षर माझं आहे.