खुलासा : लिथियम लावलेलं ग्राफीन आणि 'घरच्या तापमानातली' अतिसंवाहकता

'ग्राफीनवर लिथियम लावलं की ते नेहमीच्या तापमानाला अतिसंवाहक होतं' असा मजकूर फिरतोय. (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर, आणि अतिसंवाहक म्हणजे वीज कोणत्याही विरोधाविना वाहू देणारा पदार्थ.) मूळ प्रयोग खरा आहे, पण तापमान साफ चुकलंय. 2015 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने लिथियमचे अणू बसवलेल्या ग्राफीनमध्ये अतिसंवाहकतेची चिन्हं नोंदवली, ती सुमारे 5.9 केल्विनला. म्हणजे उणे 267 अंश सेल्सिअस! तेही अतिनिर्वात कक्षात, कारण लिथियम हवेत टिकत नाही.

'धातू लावला की वीज जास्त वेगाने वाहते' हेही सरसकट खरं नाही. लिथियम, पोटॅशियमसारखे अणू आपला इलेक्ट्रॉन ग्राफीनला देतात, त्यामुळे वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते हे बरोबर. पण इलेक्ट्रॉन देऊन बसलेला अणू स्वतः धनभारित होतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट वाकडी करतो. रस्त्यावर गाड्या वाढाव्यात आणि सोबत खड्डेही पडावेत, तसंच. 2008 मध्ये ग्राफीनवर पोटॅशियम लावून झालेल्या मोजमापांत हेच दिसलं : अणू वाढत गेले तशी इलेक्ट्रॉनांची गतिशीलता, म्हणजे ते किती सहज पुढे सरकतात ते, घटत गेली.