एक पोर, तीन नावं आणि दहावीचा फॉर्म

तालुक्यातल्या कुठल्याही हायस्कूलच्या ऑफिसात डोकावा. शिकवायचं सोडून गुरुजी स्पेलिंग जुळवत बसलेले दिसतील!

जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखलखारिज वहीत, ज्ञानेश्वर इंग्रजीत डी-एन-वायने लिहिलेला, आधारवर हिंदी थाटात जी-वायने. बाप इकडे रामराव, तिकडे नुसताच राम. नाव, लिंग, जन्मतारीख यांतलं एक जरी जुळलं नाही की यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर पडताळणी फेल, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) लटकला. पोरगं रोज पहिल्या बाकावर बसतंय, पण आधार वैध नाही म्हणून ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, ठरताना त्याच्या मोजणीवरच वाद. चूक टाइप करणाऱ्याची, पद धोक्यात मास्तरचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

वर फर्मान काय, तर 'आधार दुरुस्त करून आणा.' कशाच्या आधारे, ते कोणी सांगत नाही. बाप मजुरी बुडवून केंद्रावर जातो, हाताला लागेल तो कागद देतो, आणि नवीच चूक पक्की करून येतो. अहो, आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच! त्यामुळे आधी जन्मदाखला काढा, तो रजिस्टरशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, मगच केंद्राची पायरी चढा. शिवाय पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावेच लागतात, म्हणजे ऐन नववी-दहावीत. एकाच फेरीत दोन्ही उरकायला काय होतं? पण शाळा पालकसभेत हे सांगेल तर शपथ.

रजिस्टरच चुकलं असेल तर व्हाइटनर लावून भागत नाही. पुराव्यांसकट प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तिथे तो किती दिवस लोळेल ते देव जाणे. शाळा सोडल्यावर तर हेच काम दहापट किचकट. म्हणून नववीतच उरका, दहावीच्या दिवाळीत नाही.

कळस म्हणजे प्री-लिस्ट, म्हणजे बोर्डाच्या फॉर्ममधली माहिती तपासून सही करायची छापील यादी. बोर्डाचा फॉर्म पेन-आयडीवरून, म्हणजे यू-डायसमधल्या विद्यार्थ्याच्या क्रमांकावरून भरला जातो, त्यामुळे यू-डायसमधली घाण जशीच्या तशी तिथे उतरते. ती पकडायची शेवटची हक्काची संधी म्हणजे हा कागद. आणि वर्गात काय चालतं? 'सही कर, चल, पुढचा ये!' आईचं नाव वाचायलासुद्धा पोराला दहा सेकंद देत नाहीत. मग गुणपत्रिका हातात पडली की त्याच पोराला विभागीय मंडळात खेटे घालायला लावायचे, आणि वर विचारायचं, 'तेव्हा नीट बघितलं नाहीस का रे?'