‘अमेरिकेत पुस्तकबंदी नाहीच’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले दोन आठवडे आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, एकदा तर पुण्याहून भावाने पाठवला आणि खाली विचारलं, खरंय का गं हे? ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यात लिहिलंय की अमेरिकेतल्या शाळांमध्ये पुस्तकबंदी वगैरे काही नाहीये, फक्त अश्लील पुस्तकं काढतायत, तो पालकांचा हक्कच आहे, ज्याला हवं त्याने अमेझॉनवरून घ्यावं, आणि ‘मुलांना पुस्तकात आपल्यासारखं कोणीतरी दिसलं की शाळा आपली वाटते’ हे सगळं नवीन फॅड आहे, आम्ही लहानपणी कुठे स्वतःला शोधत बसलो होतो. आणि शेवटची ओळ, हा गोऱ्या-काळ्यांचा वाद आहे, आपण देसी लोकांनी त्यात पडू नये.

मी ह्यूस्टनच्या बाजूला राहते, चौदा वर्षं झाली. मुलीच्या एलिमेंटरी शाळेच्या लायब्ररीत मी सहा वर्षं व्हॉलंटियर होते, म्हणजे परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवरून शेल्फवर लावायची, फाटलेल्या पानांना टेप लावायची, बारकोड चिकटवायचे. त्यामुळे हा फॉरवर्ड वाचून मला गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेते, काहींवर जास्त लिहीन काहींवर कमी.

‘बंदी नाहीच.’ बंदी म्हणजे पोलीस येऊन पुस्तक जप्त करतात असा अर्थ घेतला तर नाहीये, बरोबर. पण शाळेच्या शेल्फवर काल होतं आणि आज तक्रार आली म्हणून नाही, आणि त्या शाळेतल्या कुठल्याच मुलाला ते मिळत नाही, याला दुसरं काय म्हणायचं? पेन अमेरिका ही लेखकांची संस्था याची मोजदाद करते. २०२३-२४ या शालेय वर्षात त्यांनी १०,०४६ वेळा पुस्तक काढल्याच्या नोंदी केल्या, २०२४-२५ मध्ये ६,८७०, त्यात फ्लोरिडा पहिलं, टेक्सास दुसरं, टेनेसी तिसरं. आता हेही सांगते की ते एकच पुस्तक दोन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) काढलं तर दोनदा मोजतात, आणि चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवलेलंही धरतात, यावर टीका होते. पण मला ती मोजणी पटते, कारण तिसरीतल्या मुलाला जे पुस्तक मार्चमध्ये हवं होतं ते चौकशी संपून पुढच्या वर्षी परत आलं तर त्याला काय उपयोग, तो चौथीत गेला.

‘फक्त अश्लील पुस्तकं.’ इथे मला जरा थांबायचंय कारण बहुतेक आईवडिलांना हाच मुद्दा पटतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली काही पुस्तकं आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पडू नयेत हे मलाही वाटतं, कुठल्याही लायब्ररियनला वाटतं, म्हणून तर एलिमेंटरी आणि हायस्कूलची लायब्ररी वेगळी असते, तक्रार करायचा फॉर्म असतो, कमिटी असते जी पूर्ण पुस्तक वाचून ठरवते. ती पद्धत कित्येक वर्षांपासून आहे आणि तिच्याबद्दल कोणाचं भांडण नाही.

पण प्रत्यक्षात काय झालं ते बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सासचे आमदार मॅट क्राउझ यांनी साधारण ८५० पुस्तकांची यादी शाळांना पाठवली आणि विचारलं यातली किती तुमच्याकडे आहेत. आणि यादीच्या पत्रात आणखी कसली पुस्तकं विचारली होती? ज्यांच्यामुळे विद्यार्थ्यांना त्यांच्या वंशामुळे किंवा लिंगामुळे अस्वस्थ किंवा अपराधी वाटू शकेल अशी. अश्लील आणि अस्वस्थ करणारं, हे दोन शब्द एक नाहीयेत. त्याच महिन्यात आमच्या बाजूच्या केटी डिस्ट्रिक्टमध्ये जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ हे पुस्तक काढलं आणि लेखकाची मुलांशी ठरलेली ऑनलाइन भेट पुढे ढकलली. या पुस्तकाला २०२० साली न्यूबेरी मेडल, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचं इथलं मोठं बक्षीस, मिळालंय, चित्रांच्या पुस्तकाला, म्हणजे ग्राफिक नॉव्हेलला, ते पहिल्यांदाच मिळालं होतं. मी ते दोनदा वाचलंय. सातवीतला एक काळा मुलगा मोठ्या प्रायव्हेट शाळेत जातो, चित्रं काढायची त्याला आवड, बस एवढंच. अश्लील एक अक्षर नाही. त्यात एक शिक्षिका एका काळ्या मुलाला सारखी दुसऱ्याच मुलाच्या नावाने हाक मारते, तो सांगतो माझं नाव ते नाही, ती सॉरी म्हणते आणि परत तेच. ज्यांची मुलं इथे शाळेत जातात त्यांना मी यावर अजून काही सांगायची गरज नाही, आपल्या अथर्व आणि मृण्मयींची नावं रोज हजेरीला कशी घेतली जातात ते आपल्याला माहीत आहे. काही पालकांनी पिटिशन केलं की या पुस्तकाने गोऱ्या मुलांना वाईट वाटेल. कमिटीने वाचलं, काही चूक नाही म्हणाली, पुस्तक परत आलं. ते परत आलं ही चांगली गोष्ट आहे, पण ते काढलं कशासाठी होतं ते लक्षात घ्या.

पेनसिल्व्हेनियात सेंट्रल यॉर्क डिस्ट्रिक्टने २०२० मध्ये एक अख्खी यादीच गोठवली होती, त्यात रोझा पार्क्स आणि मलाला यांच्यावरची लहान मुलांची पुस्तकं होती. हायस्कूलची मुलं रोज शाळा भरायच्या आधी बाहेर फलक घेऊन उभी राहिली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डाने निर्णय मागे घेतला.

आणि गोऱ्या मुलांना वाईट वाटेल हे कारण. टेनेसीत २०२१ मध्ये रुबी ब्रिजेसच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार झाली होती, राज्याने ती चौकशीला घेतली नाही. रुबी ब्रिजेस म्हणजे ती सहा वर्षांची मुलगी जी नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फक्त गोऱ्यांच्या शाळेत केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गेली, बाहेर जमाव शिव्या देत होता, बाकीच्या पालकांनी मुलं काढून घेतली आणि एका शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला वर्गात शिकवलं. मला हे वाचताना सावित्रीबाई आठवतात. आम्हाला शाळेत शिकवलं की त्या शिकवायला निघाल्या की लोक शेण आणि चिखल मारायचे, त्या जादा लुगडं बरोबर न्यायच्या. शेण मारणारे कोण होते हे वर्गातल्या प्रत्येकाला कळायचं, माझ्या घरातले पूर्वजही त्याच बाजूला असणार हे मला दहाव्या वर्षी कळलं आणि मला वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं. त्या धड्यामुळे माझं काही नुकसान झालं नाही, आणि तो धडा नसता तर माझ्या बेंचवर बसणाऱ्या मैत्रिणीला तिच्या आजीने सोसलेलं काही कधी पुस्तकात दिसलंच नसतं.

‘पालकांचा हक्क.’ आहे ना, पूर्ण आहे. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेरीलँडच्या केसमध्ये ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की धार्मिक कारणाने आपल्या मुलाला काही पुस्तकांच्या तासाला बसवायचं नसेल तर पालकांना तशी मुभा द्यावी लागेल. त्या निकालावर मतभेद आहेत पण निदान तो स्वतःच्या मुलापुरता आहे. माझ्या मुलीने काय वाचायचं हे दुसऱ्याने ठरवणं हा कुठला पालकांचा हक्क? वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ च्या हजारावर तक्रारी मिळवून वाचल्या, त्यातल्या ६० टक्के फक्त ११ माणसांनी केलेल्या निघाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२४ च्या आकड्यांत पालकांकडून आलेल्या तक्रारी १६ टक्के होत्या, ७२ टक्के संघटना, बोर्डाचे सदस्य, अधिकारी वगैरेंकडून. मग हा हक्क नक्की कोणाचा चाललाय?

‘अमेझॉनवर मिळतं.’ ज्या मुलाचे आईवडील दोन शिफ्ट करतात त्याला शाळेची लायब्ररी हीच एक लायब्ररी आहे. आणि मुलं यादी करून पुस्तक मागवत नाहीत, शेल्फसमोर मांडी घालून बसतात आणि काहीतरी हाताला लागतं. मी सहा वर्षं ते बघितलंय.

आता तो मुद्दा ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. ‘आम्ही कुठे स्वतःला पुस्तकात शोधत होतो?’ मित्रांनो, आपल्याला शोधावंच लागलं नाही! बालभारती उघडली की पहिल्या पानापासून आपणच होतो. आपली नावं, आपला पाऊस, बैलपोळा, वारी, अंगणातली आजी, गिरणीतून आणलेलं दळण. मासा पाण्यात असतो तेव्हा त्याला पाणी दिसत नाही तसं आपलं झालं, आणि आता आपण म्हणतोय पाण्याची काय गरज. आणि तेव्हाही वर्गातल्या सगळ्यांना ते पाणी नव्हतं हो. आमच्या गावाच्या शाळेत पारध्यांची दोन मुलं यायची, त्यांच्या घरासारखं घर एकाही चित्रात नव्हतं, ती दिवाळीनंतर यायची बंद झाली. फक्त पुस्तकामुळे झाली असं मी म्हणत नाही, पण शाळेत त्यांचं असं काहीच नव्हतं हे मला आता कळतं.

हे फॅड नवीन पण नाहीये. १९६५ साली मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या नॅन्सी लॅरिक यांनी लेख लिहिला, त्याची सुरुवातच न्यूयॉर्कच्या बालवाडीतल्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नाने होते, की चित्रात नेहमी गोरीच मुलं का असतात? त्यांनी तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं मोजली, काळं माणूस एखाद्या चित्रात जरी असेल अशी ३४९ निघाली. १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी लिहिलं की पुस्तक आरसा पण असतं आणि खिडकी पण. म्हणजे ज्या मुलाला सगळीकडे स्वतःच दिसतं त्याचंही नुकसान, कारण त्याला खिडकी नाही.

माझ्या घरातलं सांगते. मुलगी दुसरीत असताना लायब्ररीतून एक चित्रांचं पुस्तक आणलं, त्यात आजी नातीला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावते. मुलगी तेव्हा शाळेत जायच्या आधी वेणी सोडायला लावायची, तेलाचा वास नको म्हणायची, मी समजून होते का ते. ते पुस्तक तिने चार वेळा रिन्यू केलं. मग बाईंनी ते वर्गात वाचलं, मुलांनी विचारलं कसलं तेल, आणि दुसऱ्या दिवशी ही पॅराशूटची निळी बाटली घेऊन शाळेत गेली. थंडीचे दिवस, तेल गोठलेलं, बाईंनी कोमट पाण्यात बाटली धरून ते वितळवून दाखवलं, सगळ्या मुलांनी हाताला लावून बघितलं. त्या दिवसानंतर ती वेणी घालून जायला लागली. मी काही मोठा अभ्यास सांगत नाहीये, मला एवढंच दिसलं आणि मला ते पुरेसं आहे.

त्याच बाईंच्या वर्गात मागच्या ऑगस्टमध्ये मी मदतीला गेले होते. डिस्ट्रिक्टचं नाव लिहीत नाही. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा आहे, लायब्ररीत नवीन पुस्तक घ्यायचं तर यादी ३० दिवस लोकांसमोर ठेवायची आणि मग स्कूल बोर्डाची मंजुरी, तक्रार आलेलं पुस्तक निर्णय होईपर्यंत बाजूला. बाईंनी स्वतःच्या पैशांनी वीस वर्षांत जमवलेली वर्गातली पुस्तकं अकरा खोक्यांत भरून टेप मारून ठेवली होती, कारण कुठलं चालेल कुठलं नाही हे त्यांना कोणी नीट सांगत नव्हतं आणि नोकरी घालवायची त्यांची तयारी नव्हती. तेलवालं पुस्तक त्या खोक्यांत आहे. त्याच्यावर कोणी तक्रार केलेली नाही, तरी ते खोक्यात आहे. कुठल्याच आकड्यात हे पुस्तक धरलेलं नसणार.

राहिलं ‘आपला काय संबंध’. टेक्सासच्या लॅनो काउंटीने २०२१ मध्ये सार्वजनिक लायब्ररीतून १७ पुस्तकं काढली, त्यात इझाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ होतं. ते शाळेचं प्रकरण नाही हे मान्य, पण त्या पुस्तकात बाबासाहेब आंबेडकर आहेत, आपली जातव्यवस्था आहे, आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये केरळात एका शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतला अस्पृश्य’ अशी करून दिली तो प्रसंग आहे. केस कोर्टात गेली आणि मे २०२५ मध्ये फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने (टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपी त्याच्याखाली येतात) १० विरुद्ध ७ ने सांगितलं की लायब्ररीतून पुस्तक काढलं म्हणून वाचकाला कोर्टात दाद मागता येणार नाही. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात पिको नावाच्या विद्यार्थ्याच्या केसमध्ये न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं होतं की केवळ विचार आवडले नाहीत म्हणून बोर्डाला शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं काढता येणार नाहीत, पण त्या मताला तेव्हा पूर्ण बहुमत नव्हतं आणि आता टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपीत तो आधार राहिला नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी वेगळं आहे, तिथे डिसेंबर २०२४ मध्ये उलटा कायदा झालाय, मनाला येईल तसं पुस्तक काढता येत नाही. इलिनॉयने तर २०२३ मध्येच केला. म्हणजे तुमच्या मुलाच्या शेल्फवर काय राहणार हे तुम्ही कुठल्या राज्यात घर घेतलं त्यावर आहे, आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते आमच्याच स्कूल बोर्डाच्या सात माणसांवर आहे, ज्यांना आपणच मत देतो किंवा, खरं सांगायचं तर, द्यायला जात नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी आमच्या बोर्डाची मीटिंग आहे. बोलायचं असेल तर दुपारपर्यंत नाव नोंदवावं लागतं, प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात, मी नोंदवलंय, कोणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, गाडीत तीन जागा आहेत. काल मुलीला विचारलं मी तीन मिनिटांत काय काय बोलू. ती आता सातवीत आहे. ती म्हणाली, तेलाच्या बाटलीचं सांग.