अंगाला आकडे लटकवून पाण्यात उतरू नका: फिरणाऱ्या एका मेसेजचा प्रतिवाद

दिवाळी झाली की मालवण-तारकर्लीच्या सहली ठरू लागतात आणि आमच्या परभणीतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाताना, बारीकसारीक सामान कसं न्यावं, याचा तो सल्ला आहे. कमरेला-खांद्याला जितके हुक लावाल तितकं सामान सुरक्षित, त्यासाठी डोंगर चढणाऱ्यांचे कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडणाऱ्या कडीचे हुक, घ्या. मोबाईल झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवा. सुरी पोटरीला बांधा. टॉर्चची दोरी मनगटाला पक्क्या गाठीनं आवळा. सामान जड असेल तर पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर घेतात ते शिसं तेवढं कमी घ्या. घरी आल्यावर सगळं नळाखाली धुऊन बॅगेत भरून ठेवा. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा पाळावा असा नाही, आणि दोन-तीन तर जिवावर बेतू शकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. तुम्ही पहिल्यांदाच, प्रशिक्षकाच्या हाताला धरून खाली जाणार असाल, तर हा मेसेज तुमच्या कामाचाच नाही. तुम्हाला काहीही न्यायचं नाही. अंगठी, गळ्यातली साखळी, घड्याळ, गाडीची किल्ली खोलीवर ठेवा आणि रिकाम्या हातानं जा. पुढचं सगळं, जे रीतसर कोर्स करून स्वतः डायव्हिंग करतात त्यांच्यासाठी आहे.

हुकांचा मुद्दा सगळ्यात घातक. मी स्कूबा शिकलो कोकणात, पण आमचा सराव इथल्याच विहिरींत होतो. पावसाळा संपला की मानवतकडच्या एका मामांच्या विहिरीत पाच परस पाणी असतं. एका ऑक्टोबरात त्यांच्या मोटरीचा दोर तुटला आणि मोटर तळाला गेली. मामांनी स्टार्टरचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले आणि आम्ही दोघं उतरलो. मोटर सापडली, नवा दोर बांधला, वर निघालो आणि मी अडकलो. तळाचा गाळ उठलेला, समोर धरलेला हात दिसत नव्हता. चाचपून पाहिलं तर कमरेच्या कॅराबिनरमध्ये जुन्या मोटरीचा नायलॉनचा दोर शिरलेला, आणि माझ्याच ओढीनं तो इतका ताणलेला की कडी उघडेना. जोडीदारानं मागून येऊन दोर कापला. वर आलो तेव्हा मामा काठावर उभे होते. ‘काय करू लालाव रे इतका वेळ?’

हवा पुरेशी होती, जोडीदार हाताच्या अंतरावर होता, म्हणून ते तेवढ्यावर निभावलं.

विहिरीत पडलेला पोहरा काढायला पूर्वी घरोघरी गळ असायचा. चार-पाच आकड्यांचा लोखंडी झुबका दोराला बांधून खाली सोडायचा आणि नुसता फिरवायचा. पोहरा आपोआप अडकतो, कारण आकड्याचं तोंड उघडं असतं. कॅराबिनरचं तोंड दिसायला बंद, पण त्याची कडी आत दाबली की उघडते आणि सोडली की मिटते. दोर घासत आला की कडी दाबून आत जातो, मागे कडी मिटते. आत जायला तुमची मदत लागत नाही, बाहेर काढायला लागते. पाण्याखालच्या गुहांत जाणारे डायव्हर याला ‘सुसाइड क्लिप’ म्हणतात, ते उगीच नाही. जो माणूस असे आठ हुक लावून उतरतो, तो स्वतःच गळ होतो. आपल्या तलावांत तंगुसाची जाळी असतात, समुद्रात तुटलेली जाळी वाहत असतात, जुन्या विहिरींत दोर आणि वायरी. अडकायला काही कमी नाही.

मग लावायचं काय? बोल्ट स्नॅप. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा, अंगठ्यानं खुंटी मागे ओढली तरच उघडणारा. खुंटी लांबीच्या दिशेनं सरकते, त्यामुळे बाहेरून दोर घासला तरी सहसा उघडत नाही. घ्यायचा तर 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. मुलामा दिलेले स्वस्त हुक खाऱ्या पाण्यात काही दिवसांतच आखडतात. आणि हे फार महत्त्वाचं: टॉर्चच्या कडीत स्नॅप थेट अडकवू नका. मध्ये बारीक नायलॉन दोरीचा छोटा फास ठेवा, टोकं काडेपेटीनं जाळून घट्ट करा. धातूला धातू अडकला आणि स्नॅप जाम झाला, तर पाण्याखाली धातू कापता येत नाही. दोरी कापता येते.

स्नॅपला अडकवलेली वस्तूही लोंबती राहता कामा नये. टॉर्चचं एक टोक खांद्याच्या कडीला, दुसरं सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या चकतीत. पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब मिळते, बोटभर रुंदीच्या चकत्या कापायच्या. दरवर्षी बदलतो मी त्या, कारण आपल्या उन्हात रबर लवकर तडकतं. दाब दाखवणारा गेज अंगाशी धरून ठेवा, तो खाली लोंबत राहिला तर तळाला घासतो, प्रवाळ मोडतो, गाळ उडवतो. आणि जोडीदाराला द्यायचा जादा माउथपीस, तो सहसा पिवळा असतो, हनुवटी आणि खालच्या बरगड्यांच्या दोन टोकांमधल्या त्रिकोणातच हवा. घाबरलेला माणूस तिथेच हात घालतो.

खिशाबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. निम्मं सामान जातं खिशात. मांडीच्या खिशात मी तीनच गोष्टी ठेवतो: जादा मास्क, लिहायची पाटी, आणि वर आल्यावर बोटींना दिसण्यासाठीची फुगवायची केशरी नळी तिच्या दोरीच्या रिळासकट. खिशाच्या आत लवचीक दोरीचा फास आहे, प्रत्येक वस्तू त्यात अडकवलेली. नाहीतर पाटी काढायला गेलात की मास्क तरंगत निघून जातो. नळी सगळ्यात वर, कारण मालवणच्या पाण्यात पर्यटकांच्या बोटी सतत फिरतात आणि ती लागली तर तातडीनं लागते. कोणती वस्तू कुठे, हे घरी डोळे मिटून, हातमोजे घालून काढून पाहिलं पाहिजे. एका हातानं जमलं नाही तर जागा बदला.

पाऊचचं बघा. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि पाऊचमधली हवा निम्म्या जागेत दबते. प्लास्टिक मोबाईलला चिकटतं, बटणं आपोआप दाबली जातात, स्क्रीनला बोट कळत नाही, आणि झिपच्या फटीवर सगळा ताण येतो. मोबाईल स्वतः वॉटरप्रूफ असला तरी कंपन्यांचे आकडे साधारण दीड ते सहा मीटरचे, अर्ध्या तासाचे, तेही स्थिर पाण्यातले. बहुतेक वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरतही नाहीत. त्याहून वाईट ती गळ्यातली दोरी. टाकीतली हवा तोंडाशी आणणाऱ्या रेग्युलेटरचे पाईप जिथून जातात तिथेच ती गुंतते. फोटो हवेत तर डायव्हिंगसाठीच बनवलेली कठीण पेटी घ्या, नाहीतर प्रशिक्षकाला काढायला सांगा.

पोटरीवरची सुरी जुन्या फोटोंत रुबाबदार दिसते. जाळं मात्र बहुतेकदा पायांतच, फिनच्या (पोहायला पायात घालतात त्या वल्ह्यांच्या) पट्ट्यांत गुंततं, आणि वाकून तिथवर हात पोचवताना माणूस आणखी गुरफटतो. शिवाय सुरीची मूठ स्वतःच दोर धरते. छोटं पातं आत दडवलेलं लाइन-कटर छातीच्या पट्ट्यावर, आणि बोथट टोकाची कात्री कमरेला, अशा दोन गोष्टी कोणत्याही हाताला पोचतील अशा ठेवा. तंगूस कटरनं सहज तुटतो, जाड दोराला कात्री.

टॉर्चची गाठ? नको. अडकलेला हात सोडवता आला पाहिजे, म्हणून ओढताच सुटणारी बकलची दोरी, किंवा हाताच्या पाठीवर बसणारा मऊ पट्टा.

शिशाचा मुद्दा वरवर बरोबर वाटतो, पण टॉर्च हातातून निसटला किंवा जोडीदाराला दिला, तर तेवढे तुम्ही हलके होता आणि डायव्हच्या शेवटी, टाकी रिकामी होत आलेली असताना, वर येताना मध्ये जिथे थांबायचं असतं त्या खोलीवर थांबता येत नाही. हातातून सुटू शकणारी वस्तू वजनात धरायचीच नाही. आपल्याकडच्यांना उलट एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. विहिरीचं पाणी गोडं, समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट 100 लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या माणसाला समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं. विहिरीतला आकडा घेऊन मालवणला गेलात तर खालीच जाता येणार नाही.

राहिलं धुणं. नळाखालून फिरवल्यानं स्नॅपच्या स्प्रिंगमधलं आणि झिपमधलं मीठ निघत नाही. बादलीत तासभर भिजवा, पाण्यातच खुंटी मागे-पुढे करा. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातले आपण, पाणी वाहतं सोडवत नाही हे मला कळतं. पण त्याला एक बादली पुरते, आणि तेच पाणी फरशीला वापरता येतं. खारं पाणी झाडांना नको. बोअरचं पाणी जड असेल तर भिजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर गेजच्या काचेवर पांढरा थर बसतो. हुकावर क्षार धरलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवा आणि पुन्हा धुवा.

टॉर्चमधले सेल काढून ठेवा. ओ-रिंगवरचा, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीवरचा, केस, वाळूचा कण पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, जास्त ग्रीस कचरा धरतं. मग सगळं सावलीत पूर्ण वाळवा. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत मात्र ठेवू नका. मे महिन्यात तिथे रबराचे पट्टे चिकट होतात आणि डिसेंबरात बोटीवर, पाण्यात उतरायच्या आधी ताणताना तुटतात. घरातल्या थंड खोलीत, कॉटखाली, झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याच डब्यात दोन जादा ओ-रिंग, एक मास्कचा पट्टा, एक फिनचा पट्टा, चार केबल-टाय आणि एक ॲलन की टाकून ठेवा, म्हणजे सहलीला निघताना डबा उचलला की झालं.