आभार कसले मानता?

आज सकाळी आकुर्डी स्टेशनच्या जिन्यापाशी नवा फ्लेक्स दिसला. 'तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबद्दल जाहीर आभार!' महापौर-नगरसेवकांचे नऊ चेहरे मोजले. सुतळी बांधलीये वेळापत्रकाच्या बोर्डाला, दुपारच्या गाड्या बरोब्बर झाकल्यात. तसंही तिथे झाकण्यासारखं फार काही नाही म्हणा.

आभार कसले हो? पुणे-लोणावळा रेल्वेमार्गाच्या या 5,100 कोटींच्या कामात निम्मा वाटा राज्याने उचलायचा, आणि त्यातले 510 कोटी पिंपरी-चिंचवड पालिकेचे, 510 पुणे पालिकेचे. म्हणजे आपल्याच घरपट्टीतले. सप्टेंबर 2025 ला मंत्रिमंडळाने हे मंजूर केलं तेव्हा दोन्हीकडे ना महापौर, ना नगरसेवक. मार्च 2022 पासून प्रशासकच होते. जानेवारी 2026 ला निवडणूक झाली, आणि आता श्रेयाला मात्र नऊ जण!

चारेक वर्षांपूर्वीची दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांचे डोळे तपासून आई-बाबा नि मी शिवाजीनगरला आलो. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना सगळं धूसर. जिना सावकाश उतरेपर्यंत लोकल गेली. पुढची थेट तीन तासांनी. आईने बाकावरच डबा उघडला, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. रुळांचा आवाज झाला की बाबा पिशवी उचलून उभे. "आली का गं?" नाही बाबा, एक्स्प्रेस. परत उभे. नाही बाबा, मालगाडी. सगळ्यांना मिळून रूळ दोनच, लोकल घुसवणार कुठे?

कुणी म्हणेल, महापौराच्या हातात काही नसतं, कारभार आयुक्तांचा, गाड्या रेल्वेच्या, पद अडीच वर्षांचं. बरं, मान्य. मग जे हातात नाही त्याचे आभार कशाला घेता? आणि सभागृह तर हातात आहे ना? आमचे 510 कोटी कधी, किती हप्त्यांत जाणार आणि बदल्यात दुपारी किती लोकल मिळणार, एवढं उभं राहून विचारा की. निगडीपर्यंतच्या साडेचार किलोमीटर मेट्रोला 910 कोटी मंजूर झाले, तेव्हा केवढा गाजावाजा! (मेट्रो हवीच. मीही बसते. पण ती तळेगावला, कामशेतला जात नाही.)

जाऊ दे. फ्लेक्स बांधणारा पोरगा ओळखीचा निघाला. लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीत दूध पोचवायचा. "ताई, वरून सांगितलं तिथे बांधलं," म्हणाला. त्याच्यावर काय चिडायचं.

घरी बाबांना सांगितलं, चार रूळ होणारेत. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दुपारची गाडी आहे का त्यात?"

संध्याकाळी परत जाऊन फ्लेक्सचा कोपरा उचलला आणि वेळापत्रकाचा फोटो काढला. खाली टाकलाय. निदान तो तरी शेअर करा.