तिशीनंतरची तपासणी आणि बार्शीचा धडा

‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती हल्ली इतक्या वाढल्या आहेत की आईवडिलांच्या वाढदिवसाला ऐंशी तपासण्यांचे पॅकेज भेट देण्याची पद्धतच पडू लागली आहे. त्यात जीवनसत्त्वांपासून थायरॉईडपर्यंत रक्तातले सारे काही मोजले जाते. आईच्या गर्भाशयमुखाची आणि तंबाखू खाणाऱ्या वडिलांच्या तोंडाची तपासणी मात्र त्यात बहुधा नसते. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण कोणती तपासणी जीव वाचवते याचा जगाने मान्य केलेला पुरावा आपल्याच मराठवाड्यातून मिळालेला आहे.

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास सुरू केला. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटातील स्त्रियांची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी, दुसऱ्यातील स्त्रियांची पॅप स्मिअरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तर तिसऱ्यातील स्त्रियांची गर्भाशयमुखाला अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने एकदाच तपासणी झाली, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा आठ वर्षांच्या काळात चौथ्या गटातील 64 स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या, तर आकाराने थोड्या मोठ्या असलेल्या एचपीव्ही गटातील 34. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन पद्धतींचा एवढा लाभ तेथे दिसला नाही; परंतु मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानेच केलेल्या दुसऱ्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी पुन्हा केली, आणि तेथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

त्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. माझ्या मनात त्याहून मोठा प्रश्न आहे तो आजचा. त्या स्त्रियांच्या जिवावर जे ज्ञान हाती आले, त्याचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना तरी मिळायला हवा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया अवघ्या 1.9 टक्के होत्या.

तपासणी न झाल्यामुळे उरते ती भीती, आणि भीतीचा गैरफायदा घेतला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले तेव्हा, अंगावरून पांढरे जाते किंवा पोट दुखते म्हणून गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे समोर आले. त्यांच्या गावापर्यंत एक साधी तपासणी पोहोचली असती, तर त्या सांगण्याला प्रश्न विचारण्याचे बळ त्यांना मिळाले असते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकासाठी वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर, दर पाच वर्षांनी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी ठरवून दिलेली आहे. रक्तदाब आणि साखर बऱ्याच ठिकाणी तपासली जाते. गर्भाशयमुखाची तपासणी मागे पडते, कारण तिला आडोशाची खोली, सरावलेली परिचारिका आणि विश्वास लागतो, शिवाय ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ असे म्हणणाऱ्या बाईशी बसून बोलण्याइतका वेळ लागतो. आशाताईंवर आधीच इतकी कामे लादली आहेत की हा वेळ त्यांच्याकडून फुकट मागणे अन्यायाचे आहे. एचपीव्हीसाठीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे संकोचाची अडचण पुष्कळ कमी होते. राज्याने ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत उपलब्ध करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

मात्र दोष आढळलेल्या बाईला पुढच्या उपचाराची तारीख आणि रुग्णालयापर्यंतची सोय त्याच वेळी मिळाली पाहिजे. शिबिरात नाव लिहून घेतले आणि नंतर कोणी विचारले नाही, असे एका गावात जरी घडले, तरी तेथील बायका पुढच्या शिबिराला येणार नाहीत.